बाळ गेलं तरी रडू येत नाही, मी दगड झाले का?

जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, सलग सहा वर्षं काम करणाऱ्या एका सिस्टरचा प्रश्न आहे. ती लिहिते, "मॅडम, पूर्वी एखादं बाळ गेलं की मी स्टोअररूममध्ये जाऊन रडायचे. आता बाळ गेलं की मनात पहिला विचार येतो, चला, वॉर्मर (बाळाला ऊब देणारी खाट) रिकामा झाला. आई समोर रडत असते आणि मी तिच्याकडून कागदांवर सह्या घेत असते. घरी आले की मुलीचं साधं रडणंही सहन होत नाही, अंगावर ओरडते. आणि रात्री तीन-तीनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना, ते बघते. मी दगड झाले का? नोकरी सोडू का?"

दगड झालेलं माणूस रात्री उठून लेकराचा श्वास बघत नाही. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच लिहिलं आहेस. मी निम्म्याहून अधिक आयुष्य सरकारी रुग्णालयांत काढलं, बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आणि आयसीयूत, नंतर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख नर्स, म्हणून. "आता काहीच वाटत नाही" असं सांगत सिस्टर, ब्रदर, निवासी डॉक्टर, मावशीसुद्धा माझ्यासमोर बसल्या आहेत. त्यातलं एकही माणूस निष्ठुर नव्हतं. निष्ठुर असते तर त्यांना या गोष्टीचा एवढा त्रास झालाच नसता.

१९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी नर्सिंगच्या एका मासिकात या अवस्थेला कम्पॅशन फटीग, म्हणजे करुणेचा थकवा, म्हटलं. त्या तातडीच्या विभागातल्या नर्सेसबद्दल लिहीत होत्या. पुढे १९९५ मध्ये चार्ल्स फिगली या मानसशास्त्रज्ञांनी त्याची नीट मांडणी केली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या आघातांवर ते काम करत होते. आघात झालेल्या माणसाची सोबत करणाऱ्यालाही त्या आघाताची झळ लागते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तुला जे होतंय ते तुझ्या स्वभावात बिघाड झाल्यामुळे नाही. या कामात ही इजा होते, जशी वर्षानुवर्षं पेशंट उचलून कंबर जाते.

पण तुझ्या पत्रात एकच गोष्ट नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि तिघींचा इलाज वेगळा आहे.

रात्री उठून श्वास बघणं, लेकीच्या रडण्याने अंगात एकदम काहीतरी उसळणं, ही आघाताची खूण आहे. तुझ्या कामात बाळाचा श्वास थांबणं ही रोजची शक्यता. कान आणि डोळे सहा वर्षं तेवढ्यावरच लावलेले. घरी आल्यावर त्यांना कुणी सांगत नाही की आता ड्युटी संपली. घरात कुकरची शिट्टी झाली तरी मॉनिटरचा अलार्म वाजल्यासारखं दचकायला होणं, एखादं विशिष्ट बाळ डोळ्यांसमोरून न हलणं, ठरावीक बेडजवळ जायचं टाळणं, हे सगळं याच आघाताचं.

दुसरी गोष्ट बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये तिची नोंद आजार म्हणून केलेली नाही, कामाच्या जागी निर्माण होणारी अवस्था म्हणून केली आहे. तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. हे सोसत नसलेल्या कामाच्या ताणातून येतं. रजा, झोप आणि पुरेसा स्टाफ मिळाला की यात लवकर फरक पडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आघात मात्र रजेने जात नाही. रजेवर गेलेली सिस्टर गावी जाऊनही भाच्याचा श्वास मोजत बसते.

तिसरी गोष्ट मला तुझ्याबाबतीत सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवू नयेत हे तुला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. एकाचा संसर्ग दुसऱ्याला लागतो, आणि एकाला लावलेल्या प्रोबवर दुसऱ्याचं तापमान राखता येत नाही. तरी रात्री दोन वाजता तालुक्याहून १०८ मधून निळं पडलेलं बाळ येतं, एकही वॉर्मर रिकामा नसतो, पुढच्या रुग्णालयात पाठवलं तर वाटेतच जाईल अशी त्याची अवस्था असते. तू दुसरं बाळ त्याच वॉर्मरवर ठेवतेस. ठेवावंच लागतं. चार दिवसांनी दोघांपैकी एकाला जंतुसंसर्ग होतो आणि तू मनातल्या मनात स्वतःला आरोपी करतेस. बरोबर काय ते कळत असूनही परिस्थितीमुळे ते करता न येणं, याने होणाऱ्या यातनेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगच्या संदर्भात नैतिक क्लेश म्हटलं. पेशंटच्या दुःखाने माणूस जेवढं खचत नाही तेवढं याने खचतं, असं माझं ठाम मत आहे. दुःखावर निदान रडता येतं. इथे रडूही येत नाही, कारण आत रागही असतो आणि अपराधीपणाही.

आता तो विचार, ज्याची तुला एवढी लाज वाटते: "वॉर्मर रिकामा झाला." तो विचार येतो तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर कोण असतं, ते एकदा शांतपणे आठवून बघ. लेबर रूममधलं एखादं बाळ असतं, किंवा दारात कुणाच्या तरी आजीच्या पदराखाली गुंडाळलेलं, जागेची वाट बघणारं. गेलेल्या बाळाचं तुला काही वाटत नाही असं नाही. वाचू शकणाऱ्या बाळाकडे तुझं मन धावतं. हा विचार येऊ नये म्हणून मनाशी झगडू नकोस. झगडायचं असेल तर ते जागा कमी असण्याशी.

आणि जागा आणि माणसं कमी असणं हा या विषयाचा गाभा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत अतिदक्षता विभागात एका बेडमागे एक नर्स धरली आहे, आणि रजांसाठी ३० टक्के जादा पदं धरली आहेत. नाइटला तुमच्याकडे किती बाळांमागे किती जणी असतात, ते तू मला सांगायची गरज नाही. २००२ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्सला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. एका पेशंटने एवढा फरक! कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला आणि २००४ पासून आयसीयूत एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. म्हणून १२ मेच्या, परिचारिका दिनाच्या, कार्यक्रमात गुलाबाचं फूल देऊन आपल्याला 'देवदूत' म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. देवदूताला साप्ताहिक सुट्टी लागत नाही, असं मग सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. ध्यान, योग, ताणमुक्तीची शिबिरं यांना माझा विरोध नाही, त्यांचा उपयोग होतो. पण रिक्त पदांच्या जागी शिबिर घेणं हा अन्याय आहे.

माझा दुसरा आक्षेप आपल्या शिकवण्यावर आहे. नर्सिंगला गेल्यापासून आपण ऐकतो, "पेशंटला आपल्या घरचं माणूस समजा." मला हे वाक्य धोक्याचं वाटतं. तू प्रत्येक बाळाला आपली लेक समजायला लागलीस, तर सहा वर्षांत तुझी किती लेकरं गेली? मन एवढी प्रेतं उचलू शकत नाही. मग ते एक दिवस दार लावून घेतं, आणि तू म्हणतेस, मी दगड झाले. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. दुःखात असलेल्या माणसांच्या चित्रफिती दाखवून त्यांनी लोकांना आधी ते दुःख आपलंच समजून अनुभवायला शिकवलं. लोक जास्त व्याकूळ झाले. मग त्याच लोकांना त्या माणसाचं भलं व्हावं या भावनेवर मन ठेवायला शिकवलं. त्याच दृश्यांसमोर त्यांचं मन सावरलं, आणि मेंदूत जागे झालेले भागही वेगळे होते. दुसऱ्याच्या वेदनेत बुडून जाणं माणसाला थकवतं. त्याचं भलं व्हावं म्हणून हात पुढे करणं तेवढं थकवत नाही.

प्रत्यक्ष कामात याचा अर्थ असा. बाळ खालावलं की "ही माझी मुलगी असती तर" असं मनात येऊ देऊ नको. आलं तर लगेच दुसरा प्रश्न विचार: या बाळाला आत्ता काय हवंय? ऊब, सक्शन, आईच्या बोटाचा स्पर्श, दुखणं कमी करणारं औषध. ते बाळ तुझं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि म्हणूनच तुझा हात थरथरत नाही. त्याच्या आईचा हात थरथरणारच. तिला त्या खोलीत एक न थरथरणारा हात हवा असतो.

यावर कुणी अरुणा शानबाग यांचं नाव घेईल, आणि ते बरोबरच आहे. केईएममधल्या या नर्सवर १९७३ मध्ये रुग्णालयातच अत्याचार झाला, आणि २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. एवढी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर्स, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाहीत. नर्सिंग करणाऱ्यालाच कळेल ही किती मोठी गोष्ट आहे. त्या परिचारिका त्यांना आपल्यातलीच मानत होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इच्छामरणाची याचिका फेटाळताना केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या या नात्याला फार वजन दिलं. मग तिथली करुणा थकली कशी नाही? मला वाटतं, कारण ती कुणा एकीच्या अंगावर नव्हती. मॉर्निंगची इव्हिनिंगला सोपवायची, निवृत्त होणारी नव्याने आलेलीला. आपली म्हणणाऱ्या शेकडो होत्या, एकटी कुणीच नव्हती. त्यांना भरवणं, न्हाऊ घालणं रोज हातून घडत होतं आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसत होता. तुझ्या कक्षात नेमकं उलटं आहे. प्रत्येकीने आपलं ओझं घेऊन एकटीने स्टोअररूममध्ये जाऊन रडायचं.

तेव्हा पहिला बदल वॉर्डातच करायला हवा, घरी नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स या नर्सने एक पद्धत सुरू केली. पेशंट गेल्यावर टीममधले सगळे मिनिटभर जागेवर थांबतात, गप्प. मग कामाला लागतात. आपल्याकडे हे सहज करता येतं. तुमच्या बाळांना बहुतेकदा नावसुद्धा नसतं, केसपेपरवर 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव. म्हणून जी कुणी शिफ्टची इनचार्ज असेल तिने दोन वाक्यं बोलावीत: हे बाळ नऊशे ग्रॅमचं होतं, आपल्याकडे अकरा दिवस राहिलं, आई दर तीन तासांनी दूध काढून द्यायची, आपण हातात होतं ते केलं. मग मिनिटभर शांतता. प्रार्थना कुठलीही नको, स्टाफमध्ये सगळ्या धर्मांची माणसं असतात. डॉक्टरांनी आणि मावशींनीही थांबावं. मग सह्या, कागद, पॅकिंग. काम तेवढंच राहतं, पण त्या मिनिटामुळे ते नुसतं काम उरत नाही. सुरुवातीला सगळ्यांना अवघडल्यासारखं होईल, दोन-तीनदा झालं की होणार नाही.

मावशींचा उल्लेख मुद्दाम केला. बाळ गुंडाळून शवागाराकडे किंवा बापाच्या हातात नेऊन देणारी बहुधा तीच असते, आणि तिला काही वाटतं का, असं कुणी विचारत नाही. तीच गत गावच्या आशाताईची. तिनेच त्या बाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात आणलेलं असतं. आपण निदान ड्युटी संपवून दुसरीकडे राहायला जातो. तिला ती आई रोज पाणवठ्यावर भेटते, आणि गावातले लोक तिलाच विचारतात की तू का नेलंस.

ड्युटी संपताना पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना आपण सलाइन, फीड, बिलिरुबिन सगळं सांगतो. त्यातच एक वाक्य घालता येतं: "आज तिच्या हातात दोन बाळं गेली आहेत, उद्या तिला क्रिटिकल बाळ देऊ नका." हे सांगायचं काम इनचार्जचं आहे, तू स्वतःसाठी मागायची वेळ येऊ नये. मृत्यूनंतर त्या सिस्टरला पंधरा मिनिटं बाहेर पाठवायचं, तेवढा वेळ तिची बाळं दुसरीने बघायची. चहा, मोकळी हवा. एवढं माणूसबळ नाही असं लगेच ऐकायला मिळेल. पण पंधरा मिनिटं निघतात, मी काढलेली आहेत, निदान मॉर्निंगला आणि इव्हिनिंगला नक्की निघतात.

तुमच्याकडे प्रत्येक बाळमृत्यूचं ऑडिट होतं. कुठे उशीर झाला, कोणतं औषध कधी दिलं, सगळं विचारलं जातं. ते आवश्यकच आहे. पण त्या टेबलाभोवती बसलेल्यांचं काय झालं, हे विचारायला जागा नाही, आणि ऑडिटमध्ये ते विचारूही नये, कारण तिथे प्रत्येकजण स्वतःला सांभाळून बोलतो. त्यासाठी महिन्यातून एकदा वेगळं बसावं. बोस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ या वकिलाचा १९९५ मध्ये कर्करोगाने मृत्यू झाला. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या बैठकींत डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी एकत्र बसतात आणि उपचारांबद्दल नाही, त्या पेशंटने आपल्यावर काय परिणाम केला याबद्दल बोलतात. कुणी कुणाला सल्ला देत नाही. तुमच्याकडे पाच जणी जमल्या तरी पुरे. एक नियम मात्र कडक हवा: तिथलं बोलणं मेट्रनच्या, म्हणजे अधिसेविकांच्या, कानावर जाणार नाही.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी वाटते. तुझ्याकडून बरी होऊन गेलेली बाळं तुला परत कधी दिसत नाहीत. गेलेली तेवढी लक्षात राहतात, कारण जगलेलं बाळ डिस्चार्ज कार्ड घेऊन निघून जातं आणि त्या वॉर्मरवर तासाभरात दुसरं असतं. फॉलोअप ओपीडीत तुझी ड्युटी आठवड्यातून एक दिवस लावून माग. बाराशे ग्रॅमचं बाळ वर्षाचं होऊन चालत येतं तेव्हा काय होतं, ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. या कामातून मिळणारं समाधान थकव्याच्या विरुद्ध उभं राहतं. बेथ स्टॅम यांनी नर्सेसचा आणि इतर मदत करणाऱ्यांचा थकवा मोजायला जी ३० प्रश्नांची प्रश्नावली केली, तिच्यात बर्नआउट आणि आघात यांच्याबरोबर हे समाधानही मोजलं जातं, ते यासाठीच.

नातेवाईकांच्या शिवीगाळीबद्दल तू लिहिलेलं नाहीस, पण ती होत असणारच. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. हात उगारला गेला तर "जाऊ दे, त्यांचं बाळ गेलंय" म्हणून सोडू नको. त्यांच्याबद्दल कळवळा ठेवूनही तक्रार देता येते.

घराविषयी थोडंच सांगते. ड्युटीवरून आल्या आल्या मुलीला उचलायला गेलीस तर तुझ्या अंगात अजून वॉर्ड असतो. अंघोळ, कपडे बदलणं, दहा मिनिटं एकटीने बसणं, आणि मगच मुलगी. ही दहा मिनिटं नवऱ्याने किंवा सासूबाईंनी द्यायची आहेत, त्यांना स्पष्ट सांग. रोज काय झालं ते सांगायची सक्ती स्वतःवर करू नको, पण "आज वाईट दिवस होता" एवढं सांग, म्हणजे तुझ्या गप्प बसण्याचा ते वेगळा अर्थ काढणार नाहीत. नाइट संपवून सकाळी स्वयंपाकाला उभी राहत असशील तर ते आधी थांबव. न झोपलेल्या माणसाला यातला कुठलाच उपाय लागू पडत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे कधी जायचं? दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल, मुलीच्या अंगावर हात उचलावासा वाटत असेल, तर थांबू नको. झोप लागावी म्हणून वॉर्डातलं औषध घ्यावंसं वाटलं, किंवा जगणंच नको वाटलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आपल्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे जायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जा, पण जा. रात्रीचं श्वास बघणं तर मी आत्ताच दाखवून घे असं म्हणेन. त्यावर चांगले उपचार आहेत आणि ते वर्षानुवर्षं अंगावर काढायचं कारण नाही.

नोकरी सोडू का, असं विचारलं आहेस. या मनःस्थितीत सोडू नको. आधी कक्ष सोडून बघ. सहा वर्षं सलग एसएनसीयू फार झालं. पण मला हेही माहीत आहे की तुला सहजासहजी सोडणार नाहीत, कारण तू प्रशिक्षित आहेस, नऊशे ग्रॅमच्या बाळाला पहिल्या फटक्यात आयव्ही लावतेस, आणि तुझ्या जागी नवीन मुलगी द्यायची तर तिला शिकवावं लागेल. ज्याला काम येतं त्यालाच तिथे बांधून ठेवायची आपल्याकडची ही रीत चुकीची आहे. म्हणून तोंडी बोलू नको, अर्ज लिही. त्यात रडगाणं नको. किती वर्षं सलग या कक्षात काम केलं ते लिही, सहा महिन्यांसाठी दुसऱ्या वॉर्डात नेमणूक माग, पोस्टनेटल (बाळंतिणींचा वॉर्ड) किंवा लसीकरण असं नावानिशी, आणि तुझ्या जागी येणाऱ्या सिस्टरला महिनाभर बरोबर राहून शिकवायची तयारी दाखव. हे शेवटचं वाक्य असलं की नाही म्हणणं त्यांना अवघड जातं. सहा महिन्यांनी परत यावंसं वाटलं तर ये. बऱ्याचजणी येतात. नाही वाटलं तर तिथेच राहा, नर्स तू तिथेही असशील.

अर्ज इनचार्जमार्फत अधिसेविकांच्या नावे दे, दोन प्रती कर, आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घे.